स्प्लाइसचं चऱ्हाट

वर्तमानपत्राच्या डेस्कवर रात्रपाळीला बसणाऱ्याला शब्दाचा अर्थ लावत बसायला सवड नसते. क्रीडापान सोडायची वेळ झालेली असते, खालून दोनदा विचारणा होऊन गेलेली असते आणि सामना नेमका त्याच वेळी संपतो. मी तेव्हा नवी होते. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरात एका फलंदाजाच्या बाद होण्याचं वर्णन होतं, त्यात ‘स्प्लाइस’ हा शब्द होता. मी तो ‘स्लाइस’ असा वाचला. स्लाइस म्हणजे काप, पावाचा असतो तसा. मग मी ‘चेंडू कापायच्या नादात सोपा झेल देऊन बसला’ असं ठोकून दिलं आणि पान सोडलं.

सकाळी एका आजोबांचा फोन आला. सामना त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. “अहो बाई, तो कापायला गेलाच नव्हता. उसळता चेंडू होता, त्यानं बिचाऱ्यानं तोंड वाचवायला बॅट मध्ये घातली. तुम्ही सामना बघता की नाही?” मी नव्हता बघितला. आजोबांनी मला बॅटची रचना समजावली. दांडा वेताचा, पातं विलोच्या लाकडाचं. दांड्याचं खालचं टोक पाचरीसारखं निमुळतं करतात, पात्याच्या माथ्यावर तशीच खाच पाडतात आणि एकात एक बसवून सरस भरतात. हा जो सांधा, तो स्प्लाइस. चेंडू तिथे बसला तर फटक्यात जीव नसतो, तो नुसता वर उडतो आणि जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात अलगद पडतो. म्हणजे त्या एका शब्दात आखूड टप्पा, फलंदाजाची घाबरगुंडी आणि गोलंदाजाचं डोकं एवढं सगळं होतं, आणि मी सगळं श्रेय एका चुकीच्या फटक्याला देऊन मोकळी झाले होते.

त्या दिवशी कोश उघडला. ‘दोराची टोकं उलगडून एकमेकांत गुंफणे, सांधणे’ असा काहीसा अर्थ सापडला. बरं वाटलं. चला, समजलं. हे ‘समजलं’ पुढे मला अज्ञानापेक्षा जास्त महागात पडणार होतं.

काही वर्षांनी एका प्रकाशकानं इंग्रजी आरमारी कादंबरी अनुवादाला दिली. नेपोलियनच्या काळातली जहाजं, तोफा, वादळं, उद्धट कप्तान. समुद्राशी माझा संबंध चौपाटीपुरता. पण मानधन बरं होतं आणि मुदत कमी होती, म्हणजे नाही म्हणायला दोन कारणं होती आणि हो म्हणायला एकच. त्या एका कारणानं बाजी मारली.

एका प्रकरणात लढाई संपते, कप्तान वरच्या डेकवर येतो आणि हुकूम सोडतो: ‘स्प्लाइस द मेनब्रेस!’ आता हे क्रियापद माझ्या ओळखीचं. मी लिहिलं, “मुख्य शिडाचा दोर सांधा!” पुढच्याच वाक्यात खलाशी आनंदानं आरोळ्या ठोकतात आणि आपापले पेले घेऊन धावत सुटतात. मी थबकले. लढून दमलेल्या माणसांना आणखी काम सांगितलं तर ती आनंदानं ओरडतील कशाला? आणि दोर सांधायला पेला कशाला लागतो?

खरं तर इथे उठून कुणाला तरी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मी मूळ लेखकाची अडचण सोडवली. दोन वाक्यांच्या मधे एक वाक्य माझ्या पदरचं घातलं: ‘दोर सांधून हाताची सालटी निघालेल्या खलाशांवर खूश होऊन कप्तानानं दारूची पिंपं उघडायला सांगितली.’ आता कसं, ओघात बसलं. ते वाक्य मला इतकं आवडलं होतं की मुद्रितं तपासताना मी त्यात ‘बिचाऱ्या’ हा शब्द वाढवला.

त्या हुकुमाचा अर्थ ‘सगळ्यांना जादा रम वाटा’ एवढाच आहे. शिडाचं आडवं लाकूड वाऱ्याप्रमाणे फिरवायला जो दोर असतो तो ब्रेस, आणि मधल्या मुख्य डोलकाठीवरचा तो मेनब्रेस. जहाजावरच्या जाडजूड दोरांपैकी एक. लढाईत तो तुटला तर जहाजाला वळता येत नाही, म्हणून तो तिथल्या तिथे सांधणं हे जोखमीचं काम, आणि ते करणाऱ्याला बक्षीस म्हणून जादा दारू. होता होता काम मागे पडलं आणि नाव बक्षिसाला चिकटलं. ब्रिटिश आरमारातली रोजची रम ३१ जुलै १९७० रोजी बंद झाली, पण हा हुकूम मेला नाही. एखाद्या मोठ्या समारंभाला राजघराण्याकडून तो अजूनही निघतो आणि कुणीही दोराला हात लावत नाही.

त्याच पुस्तकात आणखी एक जागा होती. जहाजावरचा एक मेट पोर्टस्मथला ‘स्प्लाइस झाला’ असा उल्लेख होता. मी लिहिलं की पोर्टस्मथला त्याला दोरानं जखडून ठेवण्यात आलं. तीन प्रकरणांनंतर त्याची बायको कडेवर मूल घेऊन धक्क्यावर उभी! मला वाटलं, लेखकाच्या हातून मागचं काहीतरी निसटलं असणार. स्प्लाइस होणं म्हणजे खलाशांच्या बोलीत लग्न होणं. आपल्याकडे लग्नाची गाठ बांधतात, ते पेडात पेड घालतात, एवढाच फरक. त्या बाईंना मी सुधारणेच्या भरात कथानकातून काढून टाकलं नाही, याचं आज थोडं समाधान आहे.

पुस्तक छापून आलं. परीक्षणं बरी आली. ‘ओघवता अनुवाद’ असं एकानं लिहिलं. ओघ कुठून आणला होता ते मला ठाऊक होतं, पण तेव्हा मला तो अनुवादकाचा अधिकार वाटत होता.

मग प्रकाशकाच्या पत्त्यावरून फिरत फिरत एक अंतर्देशीय पत्र आलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून. लिहिणारे गृहस्थ मालवाहू जहाजांवर नोकरी करून सारंग म्हणून निवृत्त झाले होते. पत्र नम्र होतं, आणि म्हणूनच ते वाचवेना. पुस्तक फार आवडलं, असं लिहून त्यांनी पृष्ठ क्रमांकांसह बारीक अक्षरांत दुरुस्त्या दिल्या होत्या. शेवटी एक ओळ: ‘आपण दोर सांधताना कधी पाहिलेलं दिसत नाही. इकडे येणं झालं तर दाखवीन.’

कोकणातल्या माणसानं हे सांगावं यात नवल काहीच नव्हतं. आगबोटींच्या काळात रत्नागिरीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या विलायती कंपन्यांच्या जहाजांवर खलाशी म्हणून जात. सारंग हा त्यांचा मुकादम, तांडेल त्याच्या हाताखाली. गोऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम या माणसांपर्यंत पोचवायचा कसा, हा प्रश्न इतका जुना की टॉमस रोबक नावाच्या अधिकाऱ्यानं १८११ सालीच कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोश छापला होता. जहाजावरचं इंग्रजी नुसत्या इंग्रजीच्या बळावर कळत नाही, हे त्या माणसाला माझ्या आधी दोनशे वर्षं कळलं होतं. मला ते एका पत्रानं कळवलं.

मी गेले. पावसाळा संपून उन्हं पडली होती. सारंगकाका पडवीत बसले होते, पुढ्यात नायलॉनच्या दोराचं वेटोळं आणि एक गुळगुळीत झालेली टोकदार लाकडी खुंटी. काकूंनी चहा आणि घावनं आणून ठेवली. मी वही काढली. काका म्हणाले, “वही ठेव बाजूला, बाय. हात धू.”

दोराच्या टोकाला डोळा करायचा होता, म्हणजे धक्क्यावरच्या खुंटात अडकवायचा फास. काकांनी टोकापासून वीतभर अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली आणि तिथपर्यंत दोराचा पीळ सोडला. तीन पेड वेगळे झाले. प्रत्येक पेडाच्या टोकालाही पट्टी लावली, नाहीतर तो स्वतःच विस्कटतो. मग दोर वळवून डोळा केला आणि सुटे पेड मूळ दोराशी आणून ठेवले. “घाल आता.”

मी जन्मभर वेणी घातलेली बाई. तीन पेड हातात आले की बोटांना पुढचं सांगावं लागत नाही. मी ते तीन पेड मूळ दोराभोवती घेऊन एकमेकांत अशी सुबक वेणी घातली की स्वतःवरच खूश झाले. काकांनी डोळ्यात पाय अडकवला, दोर दोन्ही हातांनी धरला आणि एक हिसका दिला. वेणी सरकून हातात आली.

“आता गजरा माळ हिच्यात,” काका म्हणाले. काकू आतून हसल्याचं ऐकू आलं.

मग त्यांनी दाखवलं. सुटे पेड एकमेकांत घालायचेच नाहीत. मूळ दोराचा पीळ किंचित उलटा फिरवायचा, तिथे पेडांमध्ये फट पडते, त्या फटीत लाकडी खुंटी घालून ती रुंद करायची आणि सुटा पेड तिथून आत सारायचा. मूळ दोराच्या एका पेडावरून, पुढच्याच्या खालून. दुसरा सुटा पेड शेजारच्या फटीत, तिसरा त्याच्या पुढच्या. तिन्ही एकदा आत गेले की ओढून घट्ट करायचे आणि मग दुसरी फेरी. आणि सारायचं ते पिळाच्या विरुद्ध अंगानं. मी दुसऱ्यांदा करताना पिळाच्याच दिशेनं सारत गेले, कारण तसं सारायला सोपं जातं, आणि दोरानं मला पुन्हा तोंडघशी पाडलं. जुन्या मनिला दोराला तीन फेऱ्या पुरत. नायलॉन निसरडा, त्याला पाच तरी हव्यात, आणि वर टोकं काडीनं जाळून बसवायची.

एवढं सगळं कशाला, सरळ गाठ का मारायची नाही, असं मी विचारलं. काकांनी त्या प्रश्नाला बराच वेळ दिला. गाठीत दोराला तीव्र वळण पडतं. ताण आला की वळणाच्या बाहेरच्या अंगाचे तंतू जास्त ओढले जातात, आतले नुसते चेंगरतात, आणि दोर नेमका गाठीपाशी तुटतो. गाठीनं दोराची ताकद निम्म्यापर्यंतही उतरू शकते. शिवाय गाठ कप्पीतून जात नाही. नीट सांधलेल्या दोराची ताकद बरीचशी टिकते, कारण तिथे वळण नाही, नुसतं घर्षण आहे: जेवढं ओढाल तेवढे पेड एकमेकांना आवळतात.

आणि मुळात दोर दोर म्हणून का राहतो तेही मला त्या दिवशीच कळलं. तंतू एका दिशेनं पिळून सूत करतात, सुतं उलट्या दिशेनं पिळून पेड आणि पेड पुन्हा उलट्या दिशेनं पिळून दोर. प्रत्येकाला आपापला पीळ सोडून मोकळं व्हायचं असतं, पण एकानं मोकळं व्हायचं तर दुसऱ्याला आणखी आवळावं लागतं. त्या भांडणात दोर टिकतो. इंग्रजीतल्या ‘ट्विस्ट’ या शब्दाचे जर्मन आणि डच भाईबंद चक्क ‘भांडण’ या अर्थानं वापरतात हे मला नंतर वाचायला मिळालं. आणि स्प्लाइस हा शब्द डचांकडून आलेला, त्याचं नातं फाडण्या-चिरण्याच्या शब्दाशी सांगतात. सांधण्याला फाडण्याचं नाव! काकांच्या पडवीत बसून आलेलीला त्यात कोडं काही वाटलं नाही. आधी पीळ सोडल्याशिवाय सांधताच येत नाही.

माझी खरी पंचाईत या वाक्यानं केली. ते मला इतकं पटलं की जिथे जाईन तिथे मी ते लावून बघू लागले, आणि दुर्दैवानं ते लागतही गेलं. सूतगिरणीवर लेख लिहायला गेले तेव्हा तिथल्या सुपरवायझरनी कांड्या भरण्याचं यंत्र दाखवलं. धागा तुटला की पूर्वी तिथे गाठ बसायची आणि ती पुढे कापडात फोडासारखी दिसायची. आता तुटलेल्या दोन टोकांवर दाबाची हवा सोडतात. ती आधी टोकांचा पीळ उलगडते, मग तंतू एकमेकांत मिसळून पुन्हा पीळ भरते. क्षणार्धात. यंत्राच्या त्या भागाचं नाव स्प्लायसर! मी त्या भल्या माणसाला उभ्याउभ्या आरमारी दोरांवर व्याख्यान दिलं. त्यांनी ते पाळी सुटेपर्यंत ऐकून घेतलं.

तंबूतल्या सिनेमाच्या एका जुन्या ऑपरेटरशी बोलतानाही तेच. रीळ तुटलं की दोन टोकं नुसती चिकटवून भागत नसे. एका टोकावरचा चित्राचा थर आधी पात्यानं खरवडून उघडी फिल्म काढायची, मग सिमेंट लावून दाबायचं. दर वेळी एखाददुसरी चौकट जायची, म्हणून गावोगाव फिरलेल्या प्रिंटमध्ये नट दारातून एकदम खाटेवर दिसे. तिथेही आधी सोडवणं, मग सांधणं. माझा सिद्धान्त आता मला न्यूटनच्या पंक्तीला बसवणार असं वाटू लागलं होतं. मध्ये एकदा एका इंग्रजी नियतकालिकाला लेख पाठवला, तर संपादकीय खुणांमध्ये ‘कॉमा स्प्लाइस’ असा शेरा होता. दोन वाक्यं मी इतकी बेमालूम सांधली, याचं हे कौतुक समजून मी आभार मानले. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडण्याच्या दोषाला ते नाव आहे. मराठीत आपण हे उठताबसता करतो, कुणी दोष म्हणत नाही, मी अजूनही म्हणत नाही.

इथवरच्या चुकांनी नुकसान झालं असेल तर माझ्या अब्रूचं. पुढची चूक तशी नव्हती.

२०२१ साली ‘सोळा कोटींचं इंजेक्शन’ हे शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचले होते. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, एसएमए, या जनुकीय आजाराच्या बाळांसाठी लोक पैसे गोळा करत होते. या आजारात मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या पेशी मरत जातात, कारण त्यांना लागणारं एक प्रथिन पुरेसं तयार होत नाही. ते बनवणारं एसएमएन-१ हे जनुक या बाळांमध्ये नसतं किंवा बिघडलेलं असतं. सोळा कोटींचं जे औषध ते त्या जनुकाची नवी प्रत शरीरात पोचवतं आणि एकदाच देतात. पण त्याखेरीज दुसऱ्या जातीची औषधं होती. नुसिनर्सेन, ज्याला अमेरिकेत २०१६च्या डिसेंबरात मान्यता मिळाली होती. ते पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचतात. आणि रिस्डिप्लाम, तोंडावाटे रोज घ्यायचं. रविवार पुरवणीनं मला या औषधांवर लिहायला सांगितलं. वाचायला बसले तर पहिल्याच परिच्छेदात माझा जुना मित्र: ही औषधं स्प्लायसिंगवर काम करतात.

माझं लिहून झालंसुद्धा. डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पिळलेले दोन धागे, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. मग स्प्लायसिंग म्हणजे काय असणार? मी लिहिलं: ‘हे औषध जनुकाचा तुटलेला पेड सोडवतं आणि पुन्हा पीळ भरून तो कायमचा सांधतं.’ सोबत दोराचं रेखाचित्र काढून घेतलं. पुरवणी संपादकांनी खास कळवलं की विज्ञान इतकं सोपं करून क्वचितच कुणी लिहितं.

रविवारी दुपारी फोन आला. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून. मुलीला एसएमए असल्याचं नुकतंच कळलं होतं. माणूस अजिबात रडत नव्हता, हिशेबी बोलत होता. “ताई, तुमच्या लेखात आहे की हे औषध कायमचं सांधतं. म्हणजे ते सोळा कोटीवालं नको, हे एकदा दिलं की झालं ना? मग तेवढ्यापुरतं शेत काढलं तर भागेल.”

मी पुन्हा फोन करते असं सांगितलं. लेखातली माहिती मी जिथून घेतली होती ते कागद पुन्हा काढले आणि ‘कायमचं’ हा शब्द शोधू लागले. तो कुठेच नव्हता. तो माझ्या दोरातून आला होता.

मग एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंना गाठलं, ज्यांनी आयुष्यभर हा विषय शिकवला होता. त्यांनी आधी मला गप्प केलं. “पिळाचा काही संबंध नाही. विसरा तो.” जनुकात प्रथिनाची पाककृती सलग लिहिलेली नसते, असं त्या म्हणाल्या. कामाचा मजकूर, मग बिनकामाचा, पुन्हा कामाचा. पेशी जनुकाला हात लावत नाही. त्याची आरएनए ही नक्कल उतरवते, नकलेतला बिनकामाचा मजकूर कापून काढते आणि कामाचे तुकडे टोकाला टोक लावून जोडते. हे स्प्लायसिंग. रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या गटांना ते १९७७ साली सर्दीच्या जातीतल्या एका विषाणूत वेगवेगळं सापडलं, त्याबद्दल १९९३चं नोबेल मिळालं. त्याआधी, १९७३पासून, एका जिवाचं जनुक कापून दुसऱ्यात बसवण्याची जी युक्ती चालू झाली होती तिलाही वर्तमानपत्रांनी जीन स्प्लायसिंगच म्हटलं होतं. ते काम माणूस करतो आणि त्यात जनुकच बदलतं. मी या दोन्हींची मोट बांधली होती, वर दोराचा पीळ माझा.

एसएमएच्या बाळांमध्ये एसएमएन-२ नावाचं जवळपास तसंच दुसरं जनुक असतं. पण त्याच्या नकलेची काटछाट होताना सातवा कामाचा तुकडा बहुतेक वेळा चुकून गाळला जातो आणि होणारं प्रथिन टिकत नाही. नुसिनर्सेन त्या नकलेवर, सातव्या तुकड्याच्या लगतच्या बिनकामाच्या मजकुरात नेमक्या जागी जाऊन बसतं, आणि मग सातवा तुकडा गाळला जात नाही. बस्स. जनुक होतं तसंच राहतं. पेशी रोज नव्या नकला काढत राहते, म्हणून औषधही तिथे सतत असावं लागतं: सुरुवातीला दोनेक महिन्यांत चार मात्रा आणि मग दर चार महिन्यांनी एक, पुढे चालूच.

“आणि दोर हवाच असेल तुम्हाला,” निघताना बाई म्हणाल्या, “तर एक आहे. तो बिनकामाचा कापलेला भाग सुटताना फासासारखा गोल होऊन सुटतो. शास्त्रज्ञ त्याला लॅरिएट म्हणतात, गुराख्याच्या दोराचा फास. पण तो पेशी टाकून देते.”

पुढच्या रविवारी दुरुस्ती आली. मी सविस्तर लिहून दिली होती. जागेअभावी तिची एक ओळ झाली: ‘गेल्या अंकातील लेखात जनुक या शब्दाऐवजी आरएनए असे वाचावे.’ तसं वाचलं तर ‘आरएनएचा तुटलेला पेड कायमचा सांधतं’ असं होतं. चुकीचं ते चुकीचंच, वर आता दुर्बोधही.

त्या माणसाला मात्र मी आदल्याच आठवड्यात, बाईंकडून घरी आल्या आल्या फोन केला होता. माझं चुकलं, असं सांगायला सुरुवात केली तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. त्यांना माझ्या चुकीत रस नव्हता. “थांबा, कागद घेतो.” मग मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. मध्ये मध्ये ते लिहिलेलं वाचून दाखवत. जनुक बदलत नाही. एकदा देऊन भागत नाही. कण्यातलं चार महिन्यांनी, तोंडाचं रोज. दोन्ही कायम. ‘कायम’ला त्यांनी विचारलं, “कायम म्हणजे मोठी झाल्यावरही?” मी हो म्हटलं.

“बरोबर लिहिलंय ना सगळं?”

बरोबर होतं. तरी हाच कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्याकडून एकेक ओळ तपासून घ्या, असं मी त्यांना सांगितलं. शेताचं काय करायचं ते त्यानंतर ठरवा, असंही म्हटलं. उद्या सकाळच्या एसटीनं निघतो, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.